पळासनेर ते बोढरे: ५२ नंबरच्या खानदेशी पट्ट्याचा हिशेब

राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबात संगरूरला सुरू होतो आणि कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राच्या तोंडाशी संपतो. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. राजस्थान, माळवा, निमाड ओलांडून तो सातपुड्याच्या बिजासन घाटाने खाली उतरतो, तो थेट आपल्या अंगणात. मग तापी, पांझरा, गिरणा अशा तीन नद्या पार करून औट्रम घाटाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कन्नड घाटाने, वर मराठवाड्यात निघून जातो. दोन घाटांच्या मधला हा दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा तुकडा म्हणजे खानदेशाचा उभा छेद. इथे परीक्षण आहे ते फक्त त्याचं. टोल भरतो, तर मालाची पारख करायला काय हरकत आहे?

गुण आधीच सांगून टाकू. रस्ता म्हणून पाचपैकी चार. त्यावरचे फाटे म्हणून दोन. आणि दक्षिणेच्या टोकाच्या घाटाला गुण द्यायचे तर आधी कोणत्या महिन्यात जाताय ते सांगा.

नंबरांचा घोळ पहिल्यांदा मिटवू, कारण त्यात बाहेरगावचे हमखास अडकतात. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले. सेंधवा-शिरपूर-धुळे हा जुना ३ नंबर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. धुळे-चाळीसगाव-कन्नड-सोलापूर हा जुना २११. दोन्ही मिळून आता ५२. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा जुना ६ नंबर आता ५३ झाला आणि धुळ्याहून मालेगाव-नाशिककडे जाणारा ६०. फलकांवर नवे नंबर आहेत, तोंडात मात्र जुनेच. ट्रकवाला आजही ‘तीन नंबर’ म्हणतो. आणखी एक गंमत अशी की धुळे शहरात ‘आग्रा रोड’ म्हणजे भर बाजारपेठ. बायपासवर उभं राहून कुणाला आग्रा रोड विचारलात तर तो अगदी प्रामाणिकपणे तुम्हाला कापडदुकानांच्या गर्दीत पाठवेल. ‘शिरपूरकडे’ किंवा ‘इंदूरकडे’ असंच विचारा.

आता उत्तरेकडून उतरू. सेंधव्यापासून बिजासन मातेच्या मंदिराजवळून घाट सुरू होतो आणि पळासनेरला महाराष्ट्र लागतो. वळणं तशी भयंकर नाहीत, रस्ता रुंद आहे, दोन्ही दिशा वेगळ्या आहेत. धोका वळणांचा नाहीच, उताराच्या लांबीचा आहे. कार चालवणाऱ्याला हा उतार जाणवतसुद्धा नाही. पंचवीस-तीस टन माल लादलेल्या ट्रकला तो फार जाणवतो. जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर पुढच्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्या बातमीनंतर ‘ब्रेक फेल झाला’ हे शब्द सगळ्यांनी वाचले, पण ब्रेक फेल होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे फार थोड्यांनी विचारलं.

होतं असं. लांब उतारावर पाय ब्रेकवर सतत ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो. तापलेला ड्रम फुगतो, त्याला आतून घासणारं लायनिंग चकचकीत होऊन घासण्याऐवजी सरकायला लागतं. पायाखाली ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि गाडी मात्र थांबत नाही. त्यात एअर ब्रेक असला तर दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेसर ती भरून काढतो. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, म्हणजे इंजिन नुसतं आयडलवर घुटमळतंय, कॉम्प्रेसर हळू चालतोय आणि इंजिनाचा अडसर चाकांना अजिबात नाही. तापलेला ड्रम आणि उतरलेली हवा एकाच वेळी. लिटर-दीड लिटर डिझेलसाठी केलेला हा सौदा आहे. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही तंतोतंत लागू आहे. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा ब्रेक, असेल तर उतार सुरू व्हायच्या आधी लावायचा, वेग आल्यावर नाही. आणि ब्रेक दाबायचा तो एकदा दमदार दाबून सोडायचा, पाय टेकवून बसायचं नाही.

कारवाल्यांनी काय करायचं? तिसऱ्या गिअरवर राहायचं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून खालच्या गिअरवर उतरायचं. त्याहून महत्त्वाचं, उतारावर लादलेल्या ट्रकच्या पुढे रेंगाळायचं नाही. पुढे काढायची असेल तर पूर्ण काढा, नाहीतर मागे भरपूर अंतर ठेवा. आरशात पाहायची सवय इथे जितकी कामाला येते तितकी पुढच्या शंभर किलोमीटरांत कुठेच येत नाही. जळक्या रबरासारखा, थोडा आंबूस वास आला तर तो जवळच्या ट्रकच्या लायनिंगचा समजा आणि त्याच्यापासून लांब व्हा. तुमच्याच गाडीचा असेल तर उतार संपल्यावर सपाट जागी थांबा, पण चाकांवर पाणी मारू नका. तापलेली डिस्क गार पाण्याने वाकडी होते आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. वीस मिनिटं वारा लागू द्या, पुरे.

हाडाखेडच्या तपासणी नाक्याजवळ ट्रकांची रांग डावी लेन खाते. तिथे वेग आधीच कमी करा, रात्री रांगेतल्या शेवटच्या गाडीचे मागचे दिवे लागलेले असतीलच असं धरून चालू नका.

सांगवी मागे पडली की सपाटी सुरू होते. शिरपूर, अरुणावती, मग सावळद्याला तापीचा पूल, पलीकडे दभाषी, नरडाणा, सोनगीर. रस्ता खरोखर चांगला आहे. चार पदरी, सरळ, नजर जाईल तिथवर मोकळं रान आणि मागे सातपुड्याची निळी रेघ. हाच त्याचा दोष. एवढ्या सरळ रस्त्यावर शंभरचा वेग साठसारखा वाटतो, आणि फाट्यावर कपाशीच्या गोण्यांवर बसलेल्या बाप्याला तुमचा वेग कळत नाही. त्याचा ट्रॅक्टर दुभाजकाच्या तोडीतून निवांत आडवा येतो. त्याचं शेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे, गाव एकीकडे, विहीर दुसरीकडे. चौपदरी झाल्यावर त्याला वळसा पडला दोन-तीन किलोमीटरचा. मग तो उलट्या दिशेने, कडेकडेने येतो. कायद्याने तो चुकीचाच आहे, पण वळसा आखणाऱ्याने ट्रॅक्टरचा वेग आणि डिझेलचा भाव धरला नव्हता, हेही तितकंच खरं. तुम्हाला व्यवहारात इतकंच पाळायचंय की फाटा दिसला, पानटपऱ्या आणि रिक्षा दिसल्या, की डावी लेन सोडायची आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. उलटा येणारा नेहमी तुमच्या डाव्या कडेला असतो.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाच्या गाड्या. जाळी बांधून दोन्ही बाजूंना फुगवलेला टेम्पो स्वतःच्या चाकांपेक्षा हात-दीड हात रुंद असतो आणि त्याच्या ड्रायव्हरला आरशात कापसाशिवाय काही दिसत नाही. हॉर्न ऐकून तो बाजूला सरकेल या भरवशावर राहू नका. त्याच दिवसांत अंधार पडल्यावर विनादिव्याच्या ट्रॉल्या. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशाने डोळे दिपलेले असताना मातीच्या रंगाची ट्रॉली शेवटच्या तीस-चाळीस मीटरवर दिसते. ऐंशीच्या वेगात तेवढं अंतर दोन सेकंदांतच संपतं, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे, हिवाळ्यात हा मधला पट्टा दिवसा करावा.

जमिनीबद्दल थोडं, कारण रस्ता तिच्यावरच बसलाय. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. पिकाला उत्तम, रस्त्याला वैरी. कडेच्या मातीतून पाणी आत शिरलं की खालचा थर वर-खाली होतो आणि वरच्या डांबराला लाटा येतात. सरळ रस्त्यावर ८० ला गाडी होडीसारखी डुलायला लागली तर शॉकॲब्झॉर्बरला लगेच दोष देऊ नका. दुसरा प्रकार म्हणजे चाकोरी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, डांबर मऊ पडतं आणि चढाच्या डाव्या लेनमधून रांगत जाणारे जादा लादलेले ट्रक त्यात दोन पन्हाळी पाडतात. कारला त्रास नाही, पण दुचाकीवाल्याने लेन बदलताना त्या पन्हाळीची धार तिरकी, हळूच कापू नये. चाक धारेला लागून घसरतं. थोडं उभं, ठाम वळवून पार करावं. पावसात तिथेच पाणी साचतं, हेही लक्षात राहू द्या.

काळी माती साइडपट्टीलाही आहेच. पावसाळ्यात डांबर सोडून दोन चाकंसुद्धा खाली उतरवू नका. माती चाकाला पोळीसारखी लपेटते, खाचा भरतात आणि मग गाडी जागच्या जागी भिरभिरते. हिवाळ्यानंतर त्याच कडेला वेगळी भानगड. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी कापतात, पण बोटभर खुंटं जमिनीत राहतात, तिरकी कापलेली, सुईसारखी. सावली पाहून बांधावर गाडी लावली की अशा खुंटाने टायर फुटतो. तोही बाजूच्या भिंतीला, जिथे ट्यूबलेसची पंक्चर बुजवायची स्ट्रिप चालत नाही, टायर बदलावाच लागतो. स्टेपनीत हवा आहे का हे घरीच पाहा. बाकी हवेचं म्हणाल तर सकाळी, टायर थंड असताना भरायची. दुपारी तापल्यावर तीन-चार पॉइंट वाढलेले दिसतात, ते सोडायचे नाहीत. पंक्चरवाला ‘हवा देखी ले भो’ म्हणेल, बघू द्या, काढू देऊ नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यातले बहुतेक स्फोट त्यातून होतात.

वाऱ्याचा उल्लेख कुणी करत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. मे-जूनमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा तापीच्या पुलावर आडवा येतो. रिकामा कंटेनर किंवा वरती सामान बांधलेली कार असेल तर पुलावर ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना एकदम धक्का बसतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, बस.

टोल. सेंधवा-धुळे दरम्यान शिरपूर आणि सोनगीर असे दोन नाके. चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही खेपांचे मिळून दीडपट लागतात, फास्टॅगमधून आपोआप. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीचा महिन्याचा पास मिळतो, त्यासाठी पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन नाक्यावरच जावं लागतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार-जीपसाठी वार्षिक पास आला, तेव्हा ३,००० रुपयांना, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. यातली ‘फेरी’ म्हणजे एक नाका एकदा ओलांडणं. सेंधवा-धुळे-सेंधवा म्हणजे चार फेऱ्या. दोनशेत पन्नास वेळा जाणं-येणं, त्या दराने एकाला साठ रुपये. आठवड्याला एकदा इंदूर गाठणाऱ्या व्यापाऱ्याला हा पास डोळे झाकून घ्यावा असा. वर्षातून दोनदा ओंकारेश्वरला जाणाऱ्या कुटुंबाला नाही. आणि तो राष्ट्रीय महामार्गांपुरताच आहे. पुढे समृद्धीवर चढलात तर टॅगमधले रोख पैसे कापले जाणार, तेव्हा शिल्लक ठेवा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. रोख देऊन हुज्जत घालण्यापेक्षा मोबाइल काढा.

गाडी बंद पडली तर १०३३ हा महामार्गाचा नंबर, अपघातात १०८ किंवा ११२. फोनवर ‘शिरपूरच्या पुढे’ असं सांगून उपयोग नसतो. किलोमीटर दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेला जात होता, एवढं सांगा. क्रेन लवकर येते.

पोटाचं. महामार्गावरचे मोठे, दिव्यांनी लखलखणारे ढाबे पनीर आणि तंदूरवर चालतात. जेवण वाईट नसतं, पण ते पानिपतलाही तसंच मिळतं. खानदेशात येऊन शेवभाजी न खाता जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन नुसता बाजार करणं. चांगल्या शेवभाजीची परीक्षा सोपी आहे. रस्सा आधी उकळून तयार असतो, कांदा-खोबरं तेलात काळंभोर होईपर्यंत भाजून, लसूण, दगडफूल, लवंग घालून वाटलेल्या मसाल्याचा. जाड तिखट शेव त्यात पडते ती ताट पुढे येण्याच्या मिनिटभर आधी. पहिल्या घासाला शेवेचा बाहेरचा थर मऊ आणि आत किंचित कडक लागायला हवी. आल्याआल्या लापशी झालेली असेल तर ती मघाच्या गिऱ्हाइकाची उरलेली समजा. तर्री वर वेगळी तरंगत असावी, रश्शात मिसळून गढूळ झालेली नसावी. पार्सल घेत असाल तर शेव वेगळ्या पुडीत मागा. सोबत कळण्याची भाकरी विचारा, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून मीठ घालून केलेली. सगळीकडे नसते, जिथे असते तिथे स्वयंपाकघरात घरची बाई आहे असं समजायला हरकत नाही. भरीत हिवाळ्यातच. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचलेली. एप्रिलमध्ये फलकावर ‘स्पेशल भरीत’ दिसलं तर पुढे चला. एक व्यवहाराची गोष्ट, तिखट जेवून मे महिन्याच्या दुपारी लगेच गाडी हाकू नये. भरल्या पोटी, सरळ रस्त्यावर, दीड ते साडेतीनच्या दरम्यान डुलकी येते ती न सांगता येते.

सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घ्यायला थांबणार असाल तर गाडी गावात न्या, सर्व्हिस रोडवर लावून रस्ता ओलांडू नका.

धुळ्यात चूक होते ती एकाच ठिकाणी. नगाव बारीपासून शहराबाहेरून आलात की आधी पारोळा चौफुली, तिथे जळगाव-नागपूरचा ५३ नंबर कापतो. ५२ नंबर त्यापुढे चाळीसगाव चौफुलीवर वळतो, सरळ गेलात की ६० नंबर नाशिककडे. रस्ता सरळ आणि रुंद आहे म्हणून गाडी आपोआप नाशिकच्या दिशेने जाते. समोर लळिंगचा किल्ला जवळ यायला लागला, तर समजायचं की चुकलो. तिथून दुभाजक तोडून वळू नका, पुढच्या अंडरपासने परत या.

धुळे ते चाळीसगाव-बोढरे या पट्ट्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि रस्त्यासाठी ही स्तुतीच आहे. मेहुणबाऱ्याला गिरणेचा पूल, पुढे चाळीसगाव. उत्तरेच्या भागापेक्षा ट्रक कमी, मोटारसायकली जास्त. डिझेल आणि टायरची हवा चाळीसगावातच बघून घ्या, स्वच्छतागृहही इथेच.

बोढऱ्यापासून चित्र पालटतं. खालून धुळे-बोढरे आणि वरून करोडी-तेलवाडी असं रुंदीकरणाचं काम झालं, मधला घाट तसाच राहिला. म्हणजे चार पदरांचं पाणी दोन पदरांच्या नळीत. नाव औट्रम, १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला आलेल्या जेम्स औट्रमवरून. भोवती गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. बिबटे आहेत. घाटात गाडी थांबवून सेल्फी काढणाऱ्यांना ही माहिती सहसा ठाऊक नसते.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने इथे जागोजागी दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि खाली चाळीसगावात पूर आला. त्यानंतरही जड गाड्यांच्या कोंडीने लोक रात्र रात्र अडकत राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून जड वाहनांना बंदी झाली. त्यांचा मार्ग चाळीसगाव, न्यायडोंगरी, शिऊर बंगला, देवगाव रंगारी, कसाबखेडा असा. वळसा मोठा आहे, पण चढ सौम्य. घाट बंद असल्याचं कळलं तर कारवाल्यांनीही हाच धरावा. चाळीसगाव सोडायच्या आधी पेट्रोल पंपावर किंवा वरून आलेल्या एखाद्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा, नकाशाच्या ॲपपेक्षा तो ताजा असतो. ॲपला घाटात कोंडी झालेली कळते ती मोबाइलच्या रेंजवर अवलंबून, आणि घाटात रेंज तुटते.

चढताना दुसरा गिअर, वळणावर हॉर्न, रात्री हॉर्नऐवजी डिपर. चढणाऱ्याला आधी वाट, हे उतरणाऱ्याने पाळायचं. आखूड वळणावर मोठी बस आली तर तिला पूर्ण रस्ता लागतो, तेव्हा वळणाच्या अलीकडेच, डोंगराच्या बाजूला थांबा, वळणाच्या पोटात नाही. जुलै ते सप्टेंबर धुकं. हेडलाइट अप्पर ठेवला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, लोअर ठेवा आणि कडेची पांढरी रेघ धरा. रस्त्यावर मुठीएवढे दगड नुकतेच पडलेले दिसले, त्यांची माती अजून ओली असली, तर त्याच्या वर डोंगर सैल आहे. तिथे थांबून दगड बाजूला करत बसू नका, हळू वळसा घालून निघून जा आणि वर म्हसोबाच्या देवळापाशी कुणी पोलीस असला तर त्याला सांगा.

क्लच जळका वास द्यायला लागला तर तुम्ही अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरताय. हँडब्रेकवर उभी करा, क्लच पूर्ण सोडा आणि पुढची रांग चांगली दोन गाड्यांइतकी सरकल्यावरच पहिल्यात उचला. तेलवाडीला वर आलात की रस्ता पुन्हा चौपदरी. तिथून पुढचा मराठवाड्याचा.